पिस्त्याचे बी रुजते, पण बियांवर बाग उभी राहत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मागच्या महिन्यात पिस्त्याचे झाड बियांपासून कसे वाढवावे याविषयी एक सचित्र लेख आला होता. मी तो इथे, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या गावी वाचला, आणि त्यानंतर दिंडोरीहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा त्यानेही तोच लेख वाचलेला होता. लेखातील बी रुजवण्याची कृती बहुतांशी बरोबर आहे. पुढे मात्र बियांची रोपे एकरावर लावा, पाचव्या वर्षापासून उत्पन्न सुरू होईल, झाडाला पाणीही फारसे लागत नाही, असे जे सांगितले आहे, ते वाचून कुणी शेतकऱ्याने पैसे गुंतवले तर त्याची आठ-दहा वर्षे मातीत जातील. आमच्या घरात हे घडून गेले आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी ते कापावे लागले तर निदान नर-मादी झाडांचा आणि थंडीचा भाग ठेवावा, ही विनंती.

आमचे घर द्राक्ष बागायतदाराचे. मी कृषी पदवी घेऊन इकडे आलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे पिस्त्याच्या रोपवाटिकेत काम करतो, म्हणजे पिस्त्याच्या जातीची बिये रुजवणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. माझ्या भावाने नऊ वर्षांपूर्वी मला न विचारता, मला आश्चर्याचा सुखद धक्का द्यावा या प्रेमाच्या भावनेने, एका रोपवाटिकेतून पिस्त्याची ६० रोपे प्रत्येकी ३५० रुपयांना घेतली. 'इराणी जात आहे, आपल्या हवेत उत्तम येते' असे त्याला सांगण्यात आले होते. पावतीवर मात्र 'फळझाड रोपे, ६० नग' एवढेच लिहिलेले आहे. जात नाही, कलम की बियांचे रोप याचा उल्लेख नाही, नर की मादी हे तर नाहीच. जूनमध्ये लागवड झाली. पहिल्या दोन पावसाळ्यांत काळ्या जमिनीत पाणी धरून मुळे कुजली आणि ४१ रोपे गेली. उरलेली १९ जिवंत आहेत. त्यांतली काही मार्चमध्ये फुटतात, काही मे महिन्यात, काहींच्या शेंड्याला पाने येतात आणि खालची फांदी वर्षभर उघडी राहते. आजवर एकावरही फूल आलेले नाही. तो मला दर उन्हाळ्यात छायाचित्रे पाठवतो आणि विचारतो, "दादा, झाडं तर हिरवी आहेत, मग अडतंय कुठं?" या पत्रात मी जे लिहीत आहे ते त्याला दिलेलेच उत्तर आहे.

आधी बी रुजवण्याविषयी, कारण दाणा कोणता घ्यायचा याबाबत लेखात एक चूक राहिली आहे. दुकानात मिळणारा खारा पिस्ता भाजलेला असतो आणि त्यातला कोंब भाजतानाच मेलेला असतो, त्यामुळे तो कितीही भिजवला तरी कुजण्यापलीकडे त्याचे काही होत नाही. रुजवायला त्याच हंगामातला, न भाजलेला, बिनमिठाचा आणि फार तापवून न वाळवलेला दाणा हवा. कवच सोलून काढायचे किंवा निदान फटीतून सैल करायचे, दाणा एक दिवस पाण्यात भिजवायचा, तरंगणारे पोचट दाणे टाकून द्यायचे आणि उरलेले ओलसर कोकोपीटमध्ये किंवा स्वच्छ फडक्यात गुंडाळून महिनाभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. पिस्त्याच्या बियांत खोल सुप्तावस्था नसते, काही दाणे या थंडीशिवायही रुजतात, पण थंडी मिळालेले दाणे एकसारखे फुटतात. या काळात खरी भीती बुरशीची असते. मटकीला मोड आणताना फडके जास्त ओले राहिले तर मटकी जशी बुळबुळीत होते, तसेच इथेही होते. म्हणून फडके ओलसर असावे, पण पिळले तर त्यातून पाणी टपकू नये, आणि दर चार-पाच दिवसांनी ते उघडून वास घ्यावा.

रुजलेला दाणा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. जांभळट साल तडकते, आतला हिरवा गर दिसतो आणि टोकाशी पांढरे मूळ बाहेर येते. कोंब अजून नखाएवढाही झालेला नसतो तेव्हा मूळ बोटभर खाली गेलेले असते. कोरड्या, खडकाळ प्रदेशात जन्मलेल्या झाडाची ही रीत आहे: आधी खाली जाऊन ओल शोधायची आणि मग वर यायचे. म्हणूनच पसरट कुंडीत लावलेले पिस्त्याचे रोप पहिल्याच वर्षी बिघडते, कारण सोटमूळ तळाला टेकून गोल फिरते आणि पुढे जमिनीत लावले तरी ते वळण सुटत नाही. आम्ही अरुंद पण हातभर खोल आणि तळाला उघड्या पिशव्या वापरतो. माती पाण्याचा निचरा होणारी, वाळू मिसळलेली लागते. दाणा दोन-तीन सेंटीमीटर खोल लावावा आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. ज्यांना हौसेने एक रोप वाढवून पाहायचे आहे त्यांनी ते अवश्य करावे. त्याचे पान चुरगळले की आंब्याच्या डहाळीसारखा राळेचा वास येतो, आणि तो यावाच, कारण पिस्ता हा आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी यांच्याच कुळातला आहे.

हौसेपुरते इतके पुरे आहे. बागेचा विचार सुरू होतो तिथे अडचण येते, आणि तिचे पहिले कारण असे की पिस्त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. दाण्याकडे पाहून, रोपाकडे पाहून, चार वर्षांच्या झाडाकडे पाहूनही ते नर आहे की मादी हे डोळ्यांनी सांगता येत नाही. पहिला मोहोर आला की मगच कळते, आणि बियांपासून वाढवलेल्या झाडाला तो यायला अनुकूल हवेतही साधारण सात ते दहा वर्षे लागतात. पानावरून लिंग ओळखण्याच्या जनुकीय चाचण्या संशोधकांनी शोधल्या आहेत, पण आपल्या गावच्या रोपवाटिकेत कुणी ती चाचणी करून रोप विकत नाही. आपल्याकडे पपईत नर झाडे निघतात हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण पपईचे नर झाड काही महिन्यांत ओळखू येते आणि काढून टाकता येते; पिस्त्याच्या १०० बियांच्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतील आणि तोवर त्यांना दहा वर्षे पाणी, खत आणि जागा देऊन झालेली असेल. बागेला नर झाडे लागतात हे खरे, पण ती थोडी लागतात. इकडच्या बागांत आठ ते २४ मादी झाडांमागे एक नर ठेवतात आणि तोही वाऱ्याची दिशा पाहून ठेवतात. पिस्त्याच्या फुलाला ना पाकळ्या ना मध, परागीकरण सगळे वाऱ्यावर चालते. मधमाश्या नर मोहोरावरून पराग गोळा करतात, पण मादी फुलाकडे फिरकत नाहीत. लेखात मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा सल्ला आहे. डाळिंबाला तो योग्य ठरेल, पिस्त्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरे कारण सांगायला आपल्याकडे आंब्याचा दाखला पुरेसा आहे. हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही, येतो तो रायवळ, आणि तो गोड निघेल की तुरट हे नशिबावर असते. पिस्त्यातही प्रत्येक दाणा हा वेगळ्या नर-मादीचे वेगळे अपत्य असतो. चांगल्या पिस्त्याचे गुण तरी किती बारीक असतात पाहा: दाणा मोठा हवा, गर कवचभर भरलेला हवा, तो हिरवा हवा आणि कवच झाडावरच आपोआप उघडायला हवे. इराणमध्ये अशा उघडलेल्या पिस्त्याला 'पिस्ते-ए-खंदान', म्हणजे हसरा पिस्ता म्हणतात. बियांपासून आलेल्या मादी झाडांचे बहुतेक पिस्ते बारीक, मिटलेल्या ओठांचे किंवा पोचट निघतात. बाजारात भाव मिळतो तो हसऱ्या पिस्त्याला.

बी आणि बाग यांचा संबंध नेमका काय आहे हे समजून घ्यायचे असेल तर ज्या झाडांच्या सावलीत मी रोज काम करतो त्यांचीच हकीकत पुरेशी आहे. १९२९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील विल्यम व्हाइटहाउस हे वनस्पतिशास्त्रज्ञ इराणमध्ये गेले, काही महिने फिरले आणि सुमारे २० पौंड, म्हणजे नऊ किलो बी घेऊन परत आले. उत्तर कॅलिफोर्नियातील चिको येथील सरकारी केंद्रात त्या बियांची जवळपास ३,००० झाडे वाढवण्यात आली. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून, निम्मी नर म्हणून बाजूला काढून, उरलेल्यांतली बारीक दाण्यांची, न उघडणाऱ्या कवचांची झाडे वगळत वगळत शेवटी त्यांच्या हाती व्यापारी लागवडीच्या योग्यतेचे एक झाड उरले. त्याचे बी इराणच्या कर्मान प्रांतातील रफसंजान या गावच्या आगाह घराण्याच्या वाळवणाच्या अंगणातून उचललेले होते. त्या प्रांताच्या नावावरून त्याला 'कर्मान' असे नाव देऊन १९५० च्या दशकात ती जात प्रसारित करण्यात आली. तिच्यासाठी परागदाता म्हणून 'पीटर्स' नावाचा नर फ्रेस्नोमध्येच सापडला. कॅलिफोर्नियाचे पहिले व्यापारी पीक निघाले ते १९७६ मध्ये, म्हणजे बी आणल्यापासून ४७ वर्षांनी. तिथून पुढे जी लाखो झाडे लागली त्यांतले जवळजवळ प्रत्येक मादी झाड हे त्या एका झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची फुटण्याजोगी कळी, भरून केलेले कलम होते. ३,००० बियांतून एक जात निवडण्याचे काम सरकारी केंद्राने, पगारी माणसे ठेवून, दोन दशके केले. तेच काम दोन एकरांचा शेतकरी स्वतःच्या कर्जावर करायला बसला तर त्याच्या वाट्याला ते एक झाड येण्याची शक्यता किती, याचा हिशेब लेखकाने करून पाहायला हवा होता.

मग आम्ही रोपवाटिकेत दरवर्षी इतकी बिये पेरतो ती कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. ती खुंटासाठी, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम करायचे त्यासाठी. आमच्या दिंडोरी-निफाडकडे डॉगरिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचे कलम करतात, तसेच इथे दुसऱ्या पिस्त्याच्या खुंटावर खाण्याच्या पिस्त्याचा डोळा भरतात. पूर्वी इथे भूमध्य प्रदेशातून आलेल्या रानटी पिस्त्याचे खुंट वापरत, पण मुळांतून शिरणाऱ्या व्हर्टिसिलियम मर रोगाने ओळीच्या ओळी वाळू लागल्या, तेव्हा संशोधकांना त्या रोगाला दाद न देणारा खुंट सापडला तो आपल्या हिमालयातला. हिमाचल, उत्तराखंड, जम्मूच्या डोंगरउतारांवर जे काकड नावाचे झाड वाढते, ज्याच्या पानांवर माव्यासारख्या किडीमुळे शिंगासारख्या गाठी येतात आणि ज्या गाठी वाळवून आपण काकडशिंगी म्हणून वापरतो, तेच हे झाड. लहान मुलांच्या खोकल्या-तापावरचे बालचातुर्भद्र चूर्ण ज्या चार औषधींचे असते, त्यांतली ही एक. मी इथे कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात पेटीवरचे लॅटिन नाव वाचले आणि आईच्या लाकडी डब्यातली ती काळपट, वाकडी शिंगे डोळ्यांपुढे आली. आज बहुतेक नव्या बागा ज्या 'यूसीबी-१' या खुंटावर लागतात तो कॅलिफोर्निया विद्यापीठाने केलेला संकर आहे: रानटी अटलांटिका जातीची मादी आणि आपल्या काकडाचा नर. त्यातही एकाच संकराच्या बियांची रोपे सारखी निघत नाहीत. ट्रेमधली खुजी, वाकडी, मागे पडलेली रोपे आम्ही निर्दयपणे उपटून टाकतो, कारण खुंट कमजोर तर त्यावरचे झाड जन्मभर कमजोर.

खुंट शेतात लागून पेन्सिलीएवढा जाड झाला की उन्हाळ्यात त्यावर डोळा भरतात. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन, साल अलगद उचलून त्यात डोळा बसवायचा आणि पट्टीने आवळायचा. चीर दिली की राळ पाझरते, म्हणून हात चपळ लागतो. या कामात एक खोच आहे जी पुस्तके वाचून सहसा लक्षात येत नाही. पिस्त्याच्या फळत्या फांदीवरचे बहुतेक बगलेतले डोळे फुलांचे असतात, जाडसर आणि फुगीर. असा डोळा भरला तर तो गळून जातो आणि कलम फुकट जाते. त्यासाठी निमुळता, अणकुचीदार असा पानाचा डोळा शोधून घ्यावा लागतो. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी, की डोळा भरलेल्या रोपाच्या खोडावर जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून वर तिरका सांधा स्पष्ट दिसतो, साल दोन वेगळ्या रंगांची असते आणि बोट फिरवले की गाठ हाताला लागते. माझ्या भावाच्या १९ झाडांपैकी एकाही खोडावर असा सांधा नाही. ती सगळी बियांची रोपे होती, आणि हे रोप घेताना एका मिनिटात पाहता आले असते.

आता थंडीविषयी. समजा, भावाने अस्सल 'कर्मान'ची कलमे आणि 'पीटर्स'चे नर लावले असते, तरी दिंडोरीला पीक आले नसते, आणि हे मला जड अंतःकरणाने लिहावे लागत आहे. पिस्त्याचे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि ७ अंश सेल्सिअसच्या खाली साधारण ९०० तास काढल्याशिवाय ते नीट जागे होत नाही. ९०० तास म्हणजे दिवस-रात्र मिळून ३७ दिवसांहून अधिक अखंड गारठा. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे ती बातमी होते, पण तो उतरतो पहाटेपुरता. दुपारी अंगावर स्वेटर ठेववत नाही. एका थंड रात्रीचे पाच तास धरले आणि अशा ३० रात्री मोजल्या तरी १५० तास होतात. झाडाला जाग अर्धवट येते, म्हणूनच भावाच्या शेतात एकाच झाडाची एक फांदी मार्चमध्ये आणि दुसरी मेमध्ये फुटते. द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो, तसे इथे का करू नये, असेही भावाने विचारले. इथले बागायतदारही हिवाळ्याच्या अखेरीस खनिज तेलाची फवारणी करून डोळ्यांना चालना देतात. पण तो उपाय १०० तासांची तूट भरून काढण्यासाठी आहे, ७०० तासांची नव्हे.

थंडी कमी पडली तर काय होते हे कॅलिफोर्नियाने स्वतः भोगले आहे. २०१४-१५ चा हिवाळा इथे उबदार गेला. या खोऱ्यात पूर्वी डिसेंबर-जानेवारीत दिवसचे दिवस दाट धुके उतरून राहायचे आणि ऊन झाडांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. त्या वर्षी धुकेही कमी होते आणि दुपारी फांद्या तापत. वसंतात नर आणि मादी यांचा मोहोर एकाच वेळी आला नाही, पराग उडून गेल्यावर मादी फुले उमलली. ऑगस्टमध्ये घोस वरून भरलेले दिसत होते, पण मी एका बागेत मूठभर पिस्ते फोडले तेव्हा निम्म्याहून जास्त कवचांत नुसती हवा होती. दुष्काळही होताच. २०१५ चे राज्याचे पीक आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले. तेव्हापासून कमी थंडीत भागणाऱ्या जातींचा शोध इथे जोराने सुरू आहे आणि 'गोल्डन हिल्स' ही जात थोडी लवकर आणि थोड्या कमी थंडीत येते, पण तिचीही गरज महाराष्ट्राच्या पठारावरच्या हिवाळ्याच्या कितीतरी पुढे आहे.

पावसाचे तर उघडच आहे. रफसंजान समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक हिवाळ्यात. फ्रेस्नोला मे ते सप्टेंबर आकाश कोरडे असते. पिस्त्याचे कवच जूनपर्यंत टणक होते, गर जुलै-ऑगस्टमध्ये भरतो आणि सप्टेंबरमध्ये वरची साल सुटते. म्हणजे आपल्या पावसाळ्याचे चार महिने नेमके तिथल्या पिस्त्याचे दाणा भरण्याचे महिने आहेत. त्या काळात नुसती हवा दमट झाली तरी इथे करपा येतो आणि अकाली तडकलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी शिरण्याची धास्ती असते. संततधार पाऊस आणि काळी जमीन यांना हे झाड तोंड देऊ शकत नाही, हे भावाची ४१ रोपे सांगून गेली.

'पाणी लागत नाही' या विधानाविषयीही दोन शब्द लिहितो. पिस्ता खारट पाणी आणि खारवट जमीन इतर फळझाडांपेक्षा पुष्कळ सोसतो आणि पाणी तुटले तरी सहसा मरत नाही, हे खरे आहे. पण मरत नाही आणि पीक देतो यांत फार अंतर आहे. इथल्या भरात आलेल्या बागेला हंगामात १,००० मिलिमीटरहून अधिक पाणी लागते. कर्मान प्रांतात पिढ्यानपिढ्या भूमिगत कालव्यांच्या पाण्यावर झालेल्या बागा खोल विहिरींवर गेल्या, उपसा वाढला, भूजल खाली गेले, जमीन खचली आणि कित्येक जुन्या बागा वाळून ओसाड पडल्या. पिस्त्याच्या माहेरी ही स्थिती असताना आपल्या टँकरच्या तालुक्यांत 'बिनपाण्याचे पीक' म्हणून त्याची जाहिरात व्हावी, याने मन अस्वस्थ होते.

संपादक महोदय, माझा रोख बी लावण्याच्या हौसेवर नाही. शाळेतल्या मुलांनी पिस्ता रुजवावा, त्याचे मूळ कसे पुढे धावते ते पाहावे, आंब्याच्या पानाशेजारी त्याचे पान ठेवून वास घ्यावा, यातून जे शिकायला मिळेल ते मोलाचे आहे. हिमालयातल्या थंड, कोरड्या खोऱ्यांत सरकारी केंद्रांनी बियांपासून निवडीचे प्रयोग करावेत, तेही योग्यच आहे. चिकोला ते तसेच झाले. पण दैनिकाच्या पानावर छापलेल्या शब्दाला गावाकडे अजून वजन आहे. माझे वडील आपल्या दैनिकाचे कृषी पान घडी करून टोपीत ठेवायचे आणि फवारणीला जाताना पुन्हा उघडून वाचायचे. म्हणून माझी विनंती अशी की, येत्या अंकात एक छोटी दुरुस्ती छापावी आणि तिच्यात निदान एवढे सांगावे, की पिस्त्याची बियांची रोपे व्यापारी बागेसाठी नसतात, त्यांत निम्मी नर निघतात, आणि महाराष्ट्राच्या हिवाळ्यात या झाडाची थंडीची गरज भागत नाही. यापुढे कोणत्याही नव्या फळझाडावर लेख घेताना लेखकाला एवढे जरूर विचारावे, की आपण ज्या जिल्ह्यासाठी लिहीत आहात त्या जिल्ह्यात या झाडाची फळे आपण स्वतः तोडली आहेत का. रोपवाटिकांच्या पावतीवर जात, खुंट, कलम की बियांचे रोप आणि नर की मादी, हे लिहिण्याची सक्ती व्हावी, यासाठीही आपल्या दैनिकाने पाठपुरावा केला तर शेतकऱ्यांवर मोठे उपकार होतील. माझ्या भावाकडे 'फळझाड रोपे, ६० नग' या तीन-चार शब्दांपलीकडे काही लेखी नसल्यामुळे तो कुणाकडेही दाद मागू शकला नाही.

उरलेल्या १९ झाडांचे काय करावे, असे त्याने मागच्या आठवड्यात पुन्हा विचारले. विहिरीजवळच्या मुरमाड उंचवट्यावरची दोन ठेव, बाकीची काढ, असे मी त्याला सांगितले. त्या ओळींत या जूनमध्ये सीताफळाची कलमे लागणार आहेत. कलमे आणायला जाशील तेव्हा प्रत्येक खोडावरचा सांधा बोटाने चाचपून पाहा आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घेतल्याशिवाय गाडीत रोपे चढवू नकोस, हेही सांगितले आहे.

आपला विश्वासू,
दिंडोरी तालुक्यातील एक वाचक,
सध्या वास्तव्य फ्रेस्नो, कॅलिफोर्निया